जमिनीवर चिकटवलेली गाडी

शोरूममधल्या त्या राहायच्या गाडीत पाय ठेवला आणि मी नाक मुरडलं. नव्या प्लास्टिकचा वास, त्यावर मारलेला लिंबाचा फवारा, आणि वरून विक्रेत्याच्या अंगावरचा अत्तराचा भपकारा. ओट्यावर एका वाडग्यात पिवळीधमक लिंबं मांडली होती. मी एक उचलायला गेले तर अख्खा वाडगा हातात आला. लिंबं चिकटवलेली होती! माणसाने खोटं वागावं, पण निदान लिंबांना तरी सोडावं.

“मॅडम, ते फक्त दाखवायला आहे,” विक्रेता म्हणाला आणि लगेच मान वळवून आमच्या ह्यांच्याकडे बघून हसला. “तर सर, मी काय सांगत होतो...”

सर. आल्यापासून सगळं सरांना. इंजिन सरांना, टायर सरांना, छतावरची सोलरची पाटी सरांना. मी ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले तर म्हणे, “सर, तुम्ही बसून बघा ना, एकदम राजेशाही वाटतं.” अरे बाबा, ह्या सरांना सायकल धड चालवता येत नाही. ड्रायव्हिंग स्कूल माझं आहे. अर्ध्या शहराला क्लच सोडायला मी शिकवलं. शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशी जास्तीचा ब्रेक असतो आणि तो मी कचकचून दाबते, म्हणून पोरं मला ब्रेकबाई म्हणतात. हे सगळं मी त्याला ऐकवलं. “वा, मॅडम, वा,” तो म्हणाला आणि सरांना मायलेज सांगायला लागला. त्याच्या पुढच्या दातात काहीतरी हिरवं अडकलं होतं. ते मी त्याला मुद्दाम सांगितलं नाही.

आता आम्ही दोघं त्या चालत्या घरात का घुसलो होतो ते सांगते. ह्यांची निवृत्ती झाली की गाडीतून हिंडायचं, जिथे आवडेल तिथे मुक्काम करायचा, हे आमचं लग्नापासूनचं बोलणं. मी चालवायचं, ह्यांनी नकाशा बघायचा. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर नळांचे नकाशेच काढत होते, तेव्हा त्यांना ते काम बरोबर होतं. निवृत्ती झाली आणि लगोलग माझ्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, खालचं आतडं काढलं, आणि पोटाला डावीकडे छिद्र करून आतड्याचं तोंड तिथे आणून बसवलं. त्यावर पिशवी. जे सगळ्यांचं खालून जातं ते माझं पुढून त्या पिशवीत येतं. भरली की रिकामी करायची, धुवायची, पुसायची. झालं. त्या पिशवीमुळे मी जिवंत आहे. मी तिला पाहुणी म्हणते, कारण आली ती गेलीच नाही.

पहिल्यांदा नर्सने ती उघडून दाखवली तेव्हा मी स्वतः ओकले होते, खोटं का बोला. पण माणूस शिकतो. मी शिकले. आणि ज्या दिवशी मी घरी आले त्याच रात्रीपासून हे हॉलमध्ये सोफ्यावर झोपायला लागले. का, तर पाठ धरली म्हणून. आमच्या पलंगाची गादी मऊ पडते म्हणे. कमरेला पट्टा बांधला, तो जाड, चर्र करून निघणारा. तो पट्टा बांधून अख्खा दिवस “आई गं, आई गं” करत फिरायचे.

म्हणून मला ही गाडी हवी होती. प्रवासाची हौस होतीच, पण खरं कारण हे. गाडीत हॉल नसतो. गाडीत सोफा वेगळा आणि पलंग वेगळा असं काही नसतं. तिथे ह्या माणसाला माझ्या शेजारी झोपावंच लागेल, आणि एकदा झोपला की त्याला कळेल की काही होत नाही, मी तीच आहे. हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. लाज वाटत होती. नवऱ्याने शेजारी झोपावं म्हणून बायकोने गाडी विकत घ्यायची, काय ही तऱ्हा!

त्या शोरूमच्या गाडीत पलंग मात्र झकास होता. मागे आडवा, दोघांचा, एकसंध गादी. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला कळेल असा. मी त्यावर हात फिरवत बराच वेळ उभी राहिले.

मग विक्रेत्याने संडास दाखवला. संडास कसला, कपाट! त्यातच नळ, त्यातच फवारा, त्यातच आरसा, आणि समोर घडीचं दार. खाली टाकी बसवलेली.

“ही टाकी बाहेरच्या बाजूने ओढून काढायची, सर. हिला चाकंसुद्धा आहेत. बॅगेसारखी ओढत न्यायची आणि रिकामी करायची.”

“कोणी?” ह्यांनी विचारलं.

“आपणच, सर.”

ह्यांचा चेहरा असा झाला की विक्रेत्याने घाईघाईने एक गुलाबी औषधाची बाटली काढून त्यांच्या नाकाशी धरली. “हे टाकलं की कसलाही वास नाही, सर. उलट फुलांचा येतो.” ह्यांनी रुमाल काढला आणि दोन पावलं मागे सरकले. फुलांचा वास येणारी घाण! मला त्या बाटलीचीच शिसारी आली.

मी आत गेले, दार ओढून घेतलं आणि रंगीत तालीम केली. पाहुणीचं काम करायचं म्हणजे भांड्याकडे तोंड करून वाकावं लागतं. कुडत्याची कड हनुवटीखाली धरायची, एका हाताने पिशवीचं तोंड, दुसऱ्या हातात कागद. मी वाकले तर डोकं आरशावर. कोपर उचललं तर भिंतीवर. वळायला गेले तर कमरेने नळ सुरू झाला आणि चप्पल भिजली. आणि बाहेर हे विक्रेत्याला टायरबद्दल विचारत होते, मोठ्याने, आणखी मोठ्याने, शेवटी जवळजवळ ओरडून. मी आत असले की हे असेच करतात. घरी मी बाथरूममध्ये शिरले की टीव्हीचा आवाज वाढतो.

मी घामाघूम होऊन बाहेर आले. “मला आत कोपर हलवता येत नाही,” मी सांगितलं.

“नकोच मग ही,” हे लगेच म्हणाले. “हिला जागा लागते हो. तब्येतीमुळे. आपण कोरी व्हॅन घेऊ आणि आपल्याला हवं तसं आतून करून घेऊ. मी स्वतः आराखडा काढतो.”

तेव्हा पहिल्यांदा विक्रेत्याने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणजे माझ्या पोटाकडे. पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ह्यांनी माझ्यासाठी विचार केला होता! भाबडेपणाला माझ्या काही सीमा नाही.

पुढचे काही आठवडे हे जेवणाच्या टेबलावर आराखडा मांडून बसले. मला नकाशा कळत नाही, रस्ता कळतो, त्यामुळे मी त्यात डोकं घातलं नाही. शिवाय मी टेबलाजवळ गेले की हे उठून खिडकी उघडायचे. “उकडतंय गं, राणी.” राणी! उभ्या संसारात ह्या माणसाने मला “अगं ए” शिवाय हाक मारली नाही, आणि ऑपरेशन झाल्यापासून मी एकदम राणी. राणीला फळं कापून मिळायची, राणीला चहा मिळायचा, पण तो खोलीच्या उंबऱ्याशी स्टुलावर ठेवून हे मागच्या मागे पसार. घरभर सुगंधी फवारे. एक हॉलमध्ये, एक पॅसेजमध्ये, एक माझ्या उशाशी. वागण्यात इतका गोडवा की मुंग्या लागाव्यात. फोनवर लेक म्हणायची, “आई, बाबा तुझं किती करतात!” मी हो म्हणायचे, आणि फोन ठेवून टाकायचे.

सगळ्यात वाईट काय सांगू? मी स्वतःला हुंगायला लागले होते. शिकवणीच्या गाडीत, पोरगी शेजारी गिअर टाकतेय, आणि मी हळूच मान खाली घालून कुडत्याचा वास घेतेय. वास नसायचा. पिशवी बंद असली की वास येतच नाही, नर्सने शंभरदा सांगितलं होतं. तरी मी हुंगायचे. हे मला ह्यांच्या खिडक्यांनी शिकवलं होतं.

तरीसुद्धा मी गप्प राहिले, कारण ऑपरेशनच्या वेळी हाच माणूस कॉरिडॉरमधल्या बाकावर उपाशी बसून होता. मला शुद्ध आली तेव्हा माझा हात धरून लहान पोरासारखा रडला होता. तो माणूस कुठेतरी आत असणारच, असं मी स्वतःला बजावत होते. गाडी झाली की बाहेर येईल.

व्हॅन आतून बनवून देणाऱ्याचा कारखाना शहराबाहेर होता. त्या माणसाला सगळे पट्टीवाले म्हणतात. त्याला कारण आहे. हा गृहस्थ आराखड्यावर विश्वास ठेवत नाही. आधी कारखान्याच्या फरशीवर गाडीच्या मापाने रंगीत चिकटपट्ट्या लावतो. भिंती निळ्या, दारं पिवळी, पलंग लाल. आणि गिऱ्हाइकाला त्या पट्ट्यांच्या आत तासभर राहायला लावतो. खोटा स्वयंपाक करा, खोटं झोपा, खोटं संडासला जा. तोवर लाकडाला करवत लावत नाही. “कागदावर सगळ्यांचं जमतं,” तो म्हणायचा, “जमिनीवर भांडणं होतात.”

माणूस कामाचा असेल, पण गलिच्छ. आम्ही पोचलो तेव्हा तो भुशाने माखलेल्या कपातून चहा पीत होता. तेवढ्यात शिंकला, बाहीला नाक पुसलं, आणि तोच हात पुढे केला. मी लांबूनच मान हलवली. सगळीकडे गोंदाचा उग्र वास. ह्यांना मात्र त्या वासाचं काही वाटलं नाही. पट्टीवाल्यांचा हात हातात घेऊन खुशाल हलवला. तो शेंबडाचा हात चालला, हे मी बघून ठेवलं.

फरशीवर आमची गाडी चिकटवलेली होती. पुढे प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, त्या ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या सीट. पलंगांच्या जागी खोके. पलंगांच्या! मी दोनदा मोजले. एक लाल चौकोन पुढच्या भागात, ओट्यासमोर. दुसरा अगदी मागे, संडासाला लागून. आणि दोघांच्या मध्ये फरशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी भिंत, तिच्यात पिवळं दार.

“हे दोन कशाला?” मी विचारलं.

“अगं, तुला रात्री उठावं लागतं ना,” हे म्हणाले, “म्हणून तुझा संडासाजवळ. एकदम सोयीचं. हाताच्या अंतरावर सगळं. शिवाय तुझ्या डोक्यावर मोठा पंखा बसवतोय, हवा बाहेर फेकणारा. आणि माझ्या पाठीला कडक फळी लागते, म्हणून मी पुढे.”

“आणि भिंत?”

“तुला एकांत नको का, राणी?”

पट्टीवाले तिथेच उभे होते. परक्या माणसासमोर काय बोलायचं? आणि बोलायचं तरी काय, सगळं माझ्याच सोयीचं होतं. मी म्हटलं, बरं.

“चला, सकाळ झाली,” पट्टीवाल्यांनी टाळी वाजवली. “उठा, तोंड धुवा, चहा करा, गाडी काढा. नेहमी करता तसंच करा. आणि भिंतीतून चालू नका!”

मी खुर्चीवर बसून हवेत स्टिअरिंग धरलं. हे ओट्याच्या पट्टीपाशी उभे राहून हवेत चहा करायला लागले. आणि काय सांगू, हा माणूस नाटकात असता तर बक्षिसं मिळाली असती. जन्मभर नळांचे नकाशे काढलेला माणूस, इंच न इंच डोक्यात. हवेतला डबा उघडला, हवेतली साखर मोजली, झाकण परत घट्ट लावलं. फडताळाचं दार डोक्याला लागू नये म्हणून मान वाकवली. मला हसू आलं. खरंच, त्या क्षणी मला तो माणूस आवडला.

“चहा घ्या, राणीसाहेब,” म्हणून हवेतला कप त्यांनी मला दिला. मी तोंडाला लावला.

“आता बाईंना संडासला जायचंय,” पट्टीवाले म्हणाले.

मी उठले. ओट्यासमोरून गेले, पिवळ्या दारातून आत गेले, माझ्या लाल खोक्याला वळसा घालून संडासाच्या चौकोनात उभी राहिले. जागा ऐसपैस होती. हात पसरले तरी भिंत लागत नव्हती. मी वळून सांगणार होते की हो, जागा छान आहे.

हे माझ्या मागोमाग दारापर्यंत आले होते. त्यांनी हवेतलं दार धरलं आणि ओढून बंद केलं. आणि मग त्यांचा उजवा हात वर गेला, दोन बोटांनी काहीतरी पकडलं, आणि बाजूला सरकवलं.

कडी. त्यांनी कडी लावली होती. बाहेरून.

त्यांना कळलंसुद्धा नाही. कडी लावून ते शांतपणे ओट्याकडे परतले आणि हवेतला कप विसळायला लागले. चेहरा इतका निवांत, की तेवढा निवांत मी ऑपरेशननंतर बघितलाच नव्हता.

“साहेब,” पट्टीवाल्यांनी चहाचा घोट घेत विचारलं, “ती कडी तुमच्या बाजूने हवी का? लिहून घेतो. पण मग बाईंना आतून उघडता येणार नाही.”

हे जागेवर थिजले. कप विसळणारा हात तसाच हवेत.

“नाही, म्हणजे... चालत्या गाडीत दार सरकतं ना,” हे म्हणाले.

“चालत्या गाडीत मी ड्रायव्हरच्या सीटवर असते,” मी म्हणाले. “आत कोण असणार आहे?”

पट्टीवाल्यांना एकदम आठवलं की त्यांना गोंद ढवळायचा आहे. ते कोपऱ्यातल्या डब्याकडे गेले, पण कान आमच्याकडेच.

“कडी कशाला लावलीत?” मी विचारलं.

“अगं, हात गेला. सवय...”

“कसली सवय? घरी कुठल्या दाराला बाहेरून लावता?”

ह्यांनी मान खाली घातली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. पाहुणीचं काम करायला मी बाथरूममध्ये गेले की तो बारीक “टक” आवाज यायचा. मला वाटायचं, नळाचा पाइप तापतोय. माझ्या बाहेर येण्याच्या जरा आधी पुन्हा टक. इतके महिने हा माणूस मला माझ्याच बाथरूममध्ये कोंडत होता! टीव्हीचा आवाज त्याकरता वाढायचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझं अहो-जाहो सुटलं.

“तुला माझी किळस येते?” मी विचारलं. “सरळ सांग. पाठ नको, उकाडा नको, राणी नको. येते का किळस?”

तो पट्ट्यांच्या पलीकडे उभा होता, मी अलीकडे. मध्ये भिंत नव्हती, काही नव्हतं, पण तो पाऊल टाकेना.

“हो,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक की पट्टीवाल्यांचं ढवळणं थांबलं. “मी खूप प्रयत्न केला गं. हॉस्पिटलमध्ये त्या बाईने उघडून दाखवलं ना, तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून जात नाही. जेवताना आठवतं. तू जवळ आलीस की आठवतं. तू मध्येच दार उघडून मला दाखवशील, हाक मारशील, अशी भीती वाटते. कडी लावली की जरा बरं वाटतं. मी वाईट माणूस नाही गं.”

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी कोसळेन. उलट मला बरं वाटलं. इतके महिने घरभर फवारे मारून झाकलेली गोष्ट एकदाची बाहेर आली होती, आणि बाहेर आल्यावर ती तेवढी मोठीही नव्हती. किळस मलाही आली होती. किळसेशी भांडता येतं, हळूहळू तिला सवय लावता येते. मला शिसारी आली ती बाकीच्याची. त्या कापलेल्या फळांची, त्या उंबऱ्यावरच्या चहाची, त्या राणीची.

“पाठ दुखते का तुझी?” मी विचारलं.

त्याचा हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला.

“पट्टा काढ.”

त्याने शर्ट वर करून पट्टा ओढला. चर्र असा आवाज झाला. पट्टा हातात घेऊन तो उभा राहिला, ताठ, ठणठणीत.

“खाली ती पेन्सिल पडली आहे. उचल.”

तो वाकला आणि उचलली. सहज. मी बघत राहिले. ह्या ठणठणीत पाठीसाठी मी महिनोन् महिने तेल कोमट करून ठेवलं होतं, सुरुवातीला तर पोटाला टाके असताना. पाहुणीची मला कधी नव्हती आली तेवढी किळस मला त्या पट्ट्याची आली. हे मी त्याला बोलून दाखवलं. “मला तुझी किळस येते,” मी म्हणाले, “आणि माझ्या किळसेला काही वास नाही, त्यामुळे तुझ्या खिडक्या उघडून ती जायची नाही.”

तो रडायला लागला. आणि माझं मूर्खाचं मन बघा, तरीही मला वाटलं, अजून एक संधी द्यावी. हा आता म्हणेल, राहू दे ती भिंत, मी प्रयत्न करतो, मला शिकव. तेवढं जरी म्हणाला असता ना, तर मी त्या घाणेरड्या फरशीवर खोक्याशेजारी खोका लावून झोपून दाखवलं असतं.

म्हणून मी पट्टीवाल्यांना हाक मारली. “कडी माझ्या बाजूने बसवा,” मी म्हणाले. “आतून. म्हणजे मला वाटेल तेव्हाच दार उघडेल.”

मी त्याच्याकडे बघत होते. आता बोल. आता तरी नको म्हण.

“चालेल,” तो म्हणाला. लगेच. डोळे पुसत पुसत. “हो, चालेल की. तुझ्याच बाजूने बरी. खरं तर तेच जास्त चांगलं.”

आणि त्याच्या चेहऱ्यावर तो मघाचा निवांतपणा परत आला. कडी कुठल्या बाजूला आहे याच्याशी त्याला काही घेणं-देणं नव्हतं. दार बंद राहिलं की झालं.

मी पिवळ्या दारातून बाहेर आले नाही. सरळ निळ्या पट्टीवर पाय देऊन, भिंतीतून बाहेर आले.

“काही बसवू नका,” मी त्यांना म्हणाले. “तुमचा वेळ घेतला, माफ करा. मी शोरूममधली तयार गाडी घेणार आहे. तिच्यात एकच पलंग आहे.”

“अगं पण त्या बाथरूममध्ये तुला कोपर हलवता येत नाही!” तो म्हणाला. खरंच कळवळून म्हणाला. “तूच सांगितलंस.”

“दार लावलं तर हलवता येत नाही,” मी म्हणाले. “मी दार उघडं ठेवीन. अर्धी गाडी मोकळी असते समोर. हवं तेवढं कोपर हलवीन.”

तो विचारात पडला. नकाशे काढणारा माणूस. मला दिसत होतं, त्याच्या डोक्यात त्या गाडीची मापं फिरत होती. संडास इथे, पलंग तिथे, ओटा मध्ये, आणि दार सताड उघडं. त्याने भुवया आक्रसल्या.

“मग तेवढ्या वेळात मी कुठे थांबायचं?” त्याने विचारलं.

“घरी,” मी म्हणाले.